बैल जुपून बघता, पुढारी नुसता पाहून निवडता

चौथीत असताना आबांनी मला पहिल्यांदा हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात नेलं. देवणी बैलांच्या रांगा लागल्या होत्या. त्यातल्या एका जोडीवरून माझी नजर हलेना. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, शिंगं साळून तेल चोपडलेलं, कपाळावर गोंडे, गळ्यात घुंगरमाळ. मी आबांच्या धोतराचा सोगा ओढून ती जोडी दाखवत राहिलो. शेवटी आबा तिकडं वळले. आधी त्यांनी बैलाचा ओठ वर करून दात पाहिले. मग शिंगांकडं न बघता मानेवर आणि खांद्यावर हात फिरवला आणि मालकाला म्हणाले, "खांदा लई कोवळा हाय. जू ठाव हाय का ह्याला?" मालक गडबडला. आबा म्हणाले, "जुपून दाव." दहा पावलांत कळलं, उजवीकडचा बैल मागचा पाय आखडत होता. त्या दिवशी आम्ही घरी आणली ती जोडी अंगानं मध्यम, रंगानं मळकट, पण खांद्याला जाड घट्टा पडलेली होती. आठ वर्षं त्या जोडीनं आमचं रान केलं.

निवडणूक लागली की मला तो खांदा आठवतो. कारण एसटीत, हॉटेलात, पारावर जे बोलणं कानावर पडतं ते बहुतेक शिंगांचं असतं. "माणूस कसा रुबाबदार हाय." "आमदार शोभतो बघा." "ह्याला कोण साहेब म्हणंल?" दिसण्यावरून पुढारी निवडावा का, असं सरळ विचारलं तर प्रत्येक जण 'नाही' म्हणेल, आणि मनापासून म्हणेल. तरीही आपल्या मतावर चेहऱ्याचा परिणाम होतो, आपल्या नकळत होतो, आणि तो कसा होतो हे आता बऱ्यापैकी समजलेलं आहे. ते आपल्या भाषेत मांडून पाहावं म्हणून हा लेख.

एका सेकंदाचा निकाल

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तिथल्या संसदेच्या निवडणुकांत पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या उमेदवारांचे फोटो त्यांनी जोडीजोडीनं लोकांना दाखवले. नाव नाही, पक्ष नाही, काहीच नाही. ज्यानं चेहरा ओळखला त्याचं उत्तर मोजायचं नाही असं ठरलेलं. प्रश्न एकच: या दोघांत जास्त कर्तबगार कोण वाटतो? एका प्रयोगात तर फोटो एकच सेकंद दाखवला होता. सिनेटच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, निवडणुकांमध्ये सुमारे ७० टक्के वेळा लोकांनी 'कर्तबगार' म्हणून बोट ठेवलेला माणूसच प्रत्यक्षात निवडून आलेला निघाला.

त्याहून अस्वस्थ करणारा प्रयोग स्वित्झर्लंडमधला आहे, २००९ सालचा. जॉन अँटोनाकिस आणि ओलाफ डाल्गास यांनी ५ ते १३ वर्षांच्या मुलांना संगणकावर एक जहाजाचा खेळ खेळायला दिला. खेळ झाल्यावर दोन चेहरे दाखवून विचारलं, 'या लांबच्या प्रवासात तुझ्या जहाजाचा कप्तान कोण असावा?' ते चेहरे होते फ्रान्सच्या २००२ सालच्या संसदीय निवडणुकीतल्या उमेदवारांचे. मुलांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी निवडलेला कप्तान १०० पैकी ७० च्या आसपास वेळा निवडणूक जिंकलेला होता. तिसरी-चौथीतलं पोर जे बघून कप्तान निवडतं, तेच बघून तिथली मोठी माणसं खासदार निवडत असतील, असा याचा अर्थ निघतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा धोतराचा सोगा ओढणारा मीच मला दिसलो.

आता इथं घाई करू नये. नाणं उडवलं तरी ५० टक्के उत्तर बरोबर येतं, म्हणून ७० टक्के म्हणजे दहातल्या सात लोकांनी चेहरा बघून मत दिलं असं नव्हे. हे प्रयोग परदेशातले आहेत. आपल्याकडं पक्ष, जात, भावकी, पैसा, युती या सगळ्यांचं वजन चेहऱ्यापेक्षा खूप जास्त आहे. पण लढत अटीतटीची असेल, दोन-चार हजारांवर निकाल फिरणार असेल, आणि मतदाराचं अजून पक्कं ठरलेलं नसेल, तर तो हलका धक्काही पुरतो. शिवाय तिकीट वाटणारेही माणसंच. 'चेहरा चालेल' हा शब्द तिकीटवाटपाच्या वेळी सर्रास वापरला जातो, म्हणजे आपण मत देण्याच्या कितीतरी आधी दिसण्याची चाळणी लागून गेलेली असते.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र पुढची आहे. कर्तबगार दिसणारा माणूस खरोखर कर्तबगार निघतो, याला भरवशाचा पुरावा नाही. अमेरिकेत १९२० साली वॉरन हार्डिंग राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. उंच, भारदस्त, रुपेरी केसांचे. राष्ट्राध्यक्ष दिसावा तर असा, असं त्यांच्याबद्दल बोललं जायचं. त्यांच्या कारभारात सरकारी तेलसाठ्यांचे पट्टे लाच घेऊन दिले गेले, त्यांच्याच मंत्र्याला पुढं तुरुंगात जावं लागलं, आणि आज तिथले इतिहासकार त्यांना सर्वात कमकुवत राष्ट्राध्यक्षांमध्ये धरतात.

प्रभावळ

असं का होतं? आपल्या देवघरात मूर्तीच्या मागं पितळी प्रभावळ असते. समईचा उजेड तिच्यावर पडला की मूर्तीचा कोपरान् कोपरा उजळलेला वाटतो, खरं तर चकाकत असते ती प्रभावळ. माणसाच्या बाबतीत मन हेच करतं. एक गुण डोळ्यांत भरला की बाकीचे गुण आपण आपणच भरून टाकतो. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १९२० साली लष्करातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले, तेव्हा त्याला दिसलं की ज्याची शरीरयष्टी चांगली, त्यालाच बुद्धीचे, नेतृत्वाचे आणि चारित्र्याचेही गुण जास्त मिळालेले आहेत. उंचीचा आणि चारित्र्याचा काय संबंध? काहीच नाही. पण मोजणाऱ्याच्या मनात एकाचा उजेड दुसऱ्यावर पडलेला होता.

मागच्या विधानसभेच्या वेळी लातुरात ओळखीच्या एका फ्लेक्सवाल्याकडं मी दोनेक तास बसलो होतो. मशीनचा घरघराट, शाईचा वास, आणि पडद्यावर एका इच्छुकाचा चेहरा. त्याचा कार्यकर्ता मागं उभा राहून सांगत होता, "भैया, रंग जरा उजळ करा. डोळ्याखालचं काढा. केस इथं भरा." पोरगं माऊस फिरवत होतं आणि पन्नाशीचा माणूस दहा मिनिटांत पस्तिशीचा झाला. मग मागं सूर्यकिरणांसारखे पट्टे टाकले. अगदी प्रभावळच. त्या सगळ्या वेळात मतदारसंघाचा, पाण्याचा, रस्त्याचा एक शब्द त्या फ्लेक्सवर चढला नाही. चढला तो एवढाच: 'भावी आमदार'.

जवळचा माणूस, लांबचा चेहरा

मला या विषयात जे खरं सांगायचंय ते असं, की चेहऱ्याची ताकद अंतरावर ठरते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कोण गोरा, कोण उंच, यानं फार फरक पडत नाही. कारण गावाला सगळ्यांचा खांदा ठाऊक असतो. दुष्काळात कुणी आपली बोअर गावासाठी खुली केली, टँकरच्या फेऱ्यांत कुणी हात मारला, रात्री दोन वाजता बाळंतिणीला घेऊन कुणाची जीप निघाली, हे सगळं माहीत असतं. तिथं काळा-सावळा, फाटक्या बनियनवर हिंडणारा माणूस सरपंच होतो आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही.

मराठवाड्यात विधानसभेच्या जागा ४६ आहेत आणि लोकसभेच्या फक्त ८. एका लोकसभा मतदारसंघात २० लाखांच्या घरात मतदार. एवढ्या लोकांना उमेदवार जवळून दिसणं शक्यच नाही. तिथं माहितीची जागा रिकामी राहते, आणि रिकाम्या जागेत फोटो येऊन बसतो. गॅब्रिएल लेन्झ आणि चॅपेल लॉसन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी २०११ साली हेच दाखवलं. चेहऱ्यानं छाप पाडणाऱ्या उमेदवाराचा फायदा सगळ्यात जास्त होतो तो राजकारणाची माहिती कमी आणि टीव्ही बघणं जास्त असलेल्या मतदारांमध्ये. टीव्हीच्या जागी आता मोबाइल घ्या, पंधरा सेकंदांचं रील घ्या, मागं वाजणारं गाणं घ्या.

यात मतदाराला अडाणी ठरवण्याचं काही कारण नाही. दिवसभर सोयाबीन काढून आलेल्या माणसानं रात्री बसून उमेदवाराचा इतिहास खणायचा, ही अपेक्षाच चुकीची आहे. माहिती मिळवायला वेळ लागतो, चेहरा फुकट मिळतो. म्हणून चेहऱ्याचा प्रभाव कमी करायचा असेल तर लोकांना उपदेश करून चालणार नाही, माहिती त्यांच्या ओट्यापर्यंत गेली पाहिजे.

मिळालेलं दिसणं, निवडलेलं दिसणं

मग दिसण्याला काहीच अर्थ नाही का? आहे, पण त्याचे दोन भाग वेगळे केले पाहिजेत. नाक, रंग, उंची, टक्कल हे जन्मानं किंवा वयानं मिळालेलं. त्यातून माणसाबद्दल काहीही कळत नाही. कपडे, राहणी, कुणासमोर कसं बसायचं हे मात्र माणसानं निवडलेलं असतं आणि निवडीतून थोडंफार कळतं.

स्वामी रामानंद तीर्थ घ्या. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा हा नेता संन्यासी होता. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला शिक्षक होते, १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला. भगवी वस्त्रं अंगावर आणि काम निजामाच्या राज्यात जबाबदार राज्यपद्धती आणण्याचं. त्या कपड्याचा अर्थ लोकांना लागत होता: या माणसाला स्वतःसाठी काही नको. पण लोक त्यांच्यामागं गेले ते नुसत्या भगव्या रंगाला भुलून गेले नाहीत. शाळा चालवताना, तुरुंग भोगताना लोकांनी स्वामीजींना पाहिलं होतं. १९५७ साली औरंगाबादनं त्यांना लोकसभेत पाठवलं.

गांधीजींनी १९२१ साली मदुराईत पंचा नेसायचं ठरवलं, कारण अंगभर कपडा न मिळणाऱ्या शेतकऱ्यासारखं दिसायचं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकी उलट निवड केली. ज्या समाजाला चांगला कपडा घालण्याचीही बंदी होती, त्या समाजाच्या नेत्यानं कोट-टाय घालणं ही मोठी राजकीय कृती होती. औरंगाबादेत त्यांच्या संस्थेनं १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयात खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांसाठी तो सूट म्हणजे 'तूही ताठ मानेनं राहा' असा निरोप होता. दोन नेते, दोन अगदी उलट पोशाख, आणि दोन्ही अर्थपूर्ण. म्हणजे साधा कपडा चांगला आणि भारी कपडा वाईट असा हिशेब मांडता येत नाही. आज कडक इस्त्रीची पांढरी खादी तर सगळेच घालतात, त्यामुळं तिच्यातून काही कळेनासं झालंय.

दिसण्यावरून जशी वाहवा होते तशी सजाही होते. शिवराज पाटील चाकूरकर आमच्या लातूरचे. १३ सप्टेंबर २००८ ला दिल्लीत बॉम्बस्फोट झाले, त्या संध्याकाळी देशाचे गृहमंत्री म्हणून त्यांनी वेळोवेळी कपडे बदलले, यावर देशभर गदारोळ झाला. नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि त्यांनी राजीनामा दिला. गृहमंत्र्याला जाब विचारायलाच हवा होता. गुप्तवार्ता कुठं कमी पडली, पोलिसांची तयारी काय होती, हे प्रश्न होते. पण चर्चा कितीतरी दिवस कपड्यांवरच चालली. मला वाटतं त्यात जनतेचंच नुकसान झालं, कारण खऱ्या प्रश्नांचा वेळ कपड्यांनी खाल्ला.

उलट बाजूला शंकरराव चव्हाण. चेहऱ्यावर हसू क्वचित, शिस्त अशी की लोक त्यांना 'हेडमास्तर' म्हणत. फ्लेक्सच्या जमान्यात अशा चेहऱ्याला कुणी तिकीट दिलं असतं का, मला शंका आहे. पण पाटबंधाऱ्यांसाठी त्यांनी आयुष्य घातलं, आणि पैठणचा नाथसागर आजही निम्म्या मराठवाड्याची तहान आणि आशा आहे. हाच न्याय देखण्या माणसालाही लावला पाहिजे. विलासराव देशमुख रुबाबदार होते हा त्यांचा गुण नव्हता तसा दोषही नव्हता. त्यांना तपासायचं ते बाभळगावच्या सरपंचपदापासून मुख्यमंत्रिपदापर्यंतच्या कामावर.

या चाळणीतून कोण गळतं

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. गुळगुळीत चेहरा मराठवाड्यात कुणाकडं असतो? ज्याला उन्हात राबावं लागत नाही त्याच्याकडं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचा चेहरा पस्तिशीत रापून जातो, पाचट लागून हात ओरबाडलेले असतात. तिच्याइतकं स्थलांतर, कोयता, उचल, पोरांची बुडणारी शाळा कुणाला समजतं? पण 'नेत्यासारखं दिसणं' ही अट लावली की ती पहिल्या फेरीतच बाद. आपण ज्याला दिसणं म्हणतो त्यात जात, वर्ग आणि सुबत्ता लपलेली असते.

बायकांना तर दोन्हीकडून मार. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, पण निवडून आलेल्या बाईच्या भाषणापेक्षा तिच्या साडीची चर्चा आधी होते. साधी राहिली तर 'हिला काय कळतंय', नीटनेटकी राहिली तर 'नटण्यातच लक्ष'. पुरुष सरपंचाच्या शर्टावर ग्रामसभेत चर्चा झालेली मी आजवर ऐकलेली नाही.

अपंगत्वाचंही तसंच. अमेरिकेचे फ्रँकलिन रूझवेल्ट पोलिओनं पायांनी अधू झालेले, तरी १९३३ पासून १९४५ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होते. पण चाकाची खुर्ची लोकांना शक्यतो दिसू नये याची त्यांना काळजी घ्यावी लागली. आपल्या शेजारच्या तेलंगणाचे जयपाल रेड्डी कुबडी घेऊन संसदेत आले, केंद्रीय मंत्री झाले, आणि १९९८ चा उत्कृष्ट संसदपटूचा मान त्यांना मिळाला. शरीर सुदृढ असावं ही अपेक्षा बैलाकडून योग्य, कारण त्याचं कामच शरीराचं. कायदे करायला, अंदाजपत्रक वाचायला, अधिकाऱ्याला प्रश्न विचारायला पाय धडधाकट लागत नाहीत.

आपली राज्यघटनाही हेच सांगते. कलम ८४ आणि १७३ मध्ये खासदार-आमदारांची पात्रता आहे: नागरिकत्व, शपथ, वय. रूपाचा उल्लेख नाही. तरी खालच्या कायद्यांत पूर्वग्रह शिरलेच. ओडिशाच्या नगरपालिका कायद्यात कुष्ठरुग्णाला निवडणूक लढवायला बंदी होती, आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयानंही ती उचलून धरली, जेव्हा की औषधानं हा रोग पूर्ण बरा होतो हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. कुष्ठरोगानं अंगावर खुणा राहतात, बुद्धीवर नाहीत.

खांदा कुठं बघायचा

आपल्या मतयंत्रावर उमेदवाराचा फोटो २०१५ पासून आला. कारण अगदी व्यवहारी होतं. एकाच नावाचे अनेक उमेदवार उभे करून मतदाराला फसवण्याची युक्ती बोकाळली होती. म्हणजे फोटो ओळखण्यासाठी आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून चिन्हं आणली, तसंच हे. २०२५ मध्ये बिहारच्या निवडणुकीपासून हे फोटो रंगीत आणि मोठे झाले. ओळख पटायला सोपं गेलं हे चांगलंच, पण बटणाच्या शेजारी चेहरा आणखी ठळक झाला, हेही खरं.

खांदा बघायचा असेल तर दुसरा कागद आहे: उमेदवाराचं शपथपत्र, ज्याला नमुना २६ म्हणतात. २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळं ते आपल्याला मिळालं. त्यात उमेदवाराची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची जमीन, सोनं, गाड्या, ठेवी, कर्ज, सरकारी देणं, शिक्षण, पाच वर्षांचं उत्पन्न आणि प्रलंबित खटले लिहावे लागतात. रकाना कोरा सोडला तर अर्ज बाद होऊ शकतो. हे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. खटले असलेल्या माणसाला तिकीट का दिलं, याचं कारण पक्षानं जाहीर करावं आणि 'निवडून येऊ शकतो' एवढं कारण चालणार नाही, असं न्यायालयानं २०२० साली बजावलं आहे. उमेदवार आधी खासदार असेल तर त्यानं लोकसभेत किती आणि कसले प्रश्न विचारले ते लोकसभेच्या संकेतस्थळावर सापडतं. पीक विम्यावर विचारलेत का? पाण्यावर? एकही नाही? हाच घट्टा.

तेरला गोरोबाकाकांची गोष्ट अजून सांगतात. संतमंडळी जमली होती, आणि कोण पक्कं कोण कच्चं हे ठरवायला काकांनी मडकी थापटायचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिलं. नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, आणि नामदेवांनी ते मनावर घेतलं, गुरू केला. कुंभाराला ठाऊक असतं की आव्यातून निघालेलं मडकं बाहेरून सारखंच लाल दिसतं. आवाजावरून भाजलेलं कळतं.

२०२४ च्या नोव्हेंबरात मतदानाच्या आधी आम्ही पाच-सहा जण एका रात्री गावातल्या मारुतीच्या पारावर मोबाइल घेऊन बसलो. शपथपत्रं उतरवून घेतली आणि मी मोठ्यानं वाचत गेलो. सुरुवातीला पोरं फोटो मोठा करून बघत होती. मग जमिनीचे गट नंबर आले तशी म्हातारी माणसं पुढं सरकली, कारण त्यातली दोन शेतं त्यांना बांधासकट ठाऊक होती. आमच्या चुलतीनं आधी काही विचारलं नाही. कर्जाचा रकाना आला तेव्हा म्हणाली, "थांब. बँकेचं किती आन् दुसऱ्याचं किती, ते परत वाच." मी परत वाचलं. मग खटल्यांची कलमं आली. ती कशाची हे कुणालाच नीट सांगता येईना, तेव्हा तालुक्याला वकिली करणाऱ्या गावातल्या मुलाला फोन लावला. अकरा वाजेपर्यंत तीनच उमेदवार झाले. उरलेले दुसऱ्या रात्री वाचायचे ठरवून आम्ही उठलो, आणि दुसऱ्या रात्री पारावर चौदा माणसं होती.